आत तीस, बाहेर बेचाळीस

तुरीच्या कुटाराच्या ढिगावरून पुंजाजी सरकट्याचा पाय सटकला आणि त्याचा उजवा गुडघा जो कामातून गेला तो गेलाच. ही संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. शिमगा आला तरी त्याला उकिडवं बसता येईना. गावात वावराचा धुरा, म्हणजे दगडी बांध, घालावा तर पुंजाजीनं, असा ज्याचा लौकिक, तो माणूस आता टिनाच्या सावलीत पाय लांब करून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण होऊन सांगायचा, "गुडघा दुखते ना बावा, नाईतर बसलो असतो का मी असा?" कुणी काही विचारलेलं नसायचं.

त्याची बायको भिमाबाई रोज सकाळी कांद्याच्या कामावर जायची. महादेवरावाच्या वावरात कांदा निघाला होता. ती निघाली की पुंजाजी मान दुसरीकडं फिरवायचा. बायको कामाला चालली आणि आपण तिची पाठ बघत बसलो, हे त्याला लाजेनं गिळवत नव्हतं.

अशात अनुपमा मॅडम गावात आल्या. बुलढाण्याकडच्या कुठल्याशा कॉलेजात त्या शिकवायच्या आणि शिकवता शिकवता स्वतःचाही एक मोठा अभ्यास करायच्या. फाट्यावरच्या हरिओमच्या हॉटेलात चहा घेताना त्यांनी विचारलं, "इथल्या माळावरची वारुळं कुणाला माहीत आहेत?" हॉटेलातली माणसं पोट धरून हसली आणि त्यांनी पुंजाजीच्या घराकडं बोट दाखवलं. लहानपणी बकऱ्या चारताना पुंजाजीनं माळावरचा दगड न् दगड पाठ केला होता.

मॅडमना वारुळातला साप नको होता. त्यांना पाल पाहिजे होती. घरातली नव्हे, अंगावर पांढरे पट्टे असलेली, जाड शेपटीची, वारुळाच्या भेगेत दिवसभर दडून राहणारी आणि दिवेलागणीला तोंड बाहेर काढणारी.

"काका, ही पाल भिंतीवर का राहत नाही? झाडावर का नाही? वारुळातच का?" पहिल्याच दिवशी त्यांनी वारुळापाशी मांडी घालून विचारलं.

"खायाले उधई भेटते ना घरातल्या घरात. अजून काय पायजे तिले?"

"पण उन्हाळ्यात ही वाळवी, तुमची उधई, खाली खोल जाते. वरच्या भेगा रिकाम्या पडतात. तरी ही वारूळ सोडत नाही."

"मंग तुमाले काय वाटते, काऊन राहत असीन?"

मॅडम हसल्या. "माझ्या मनात एक आहे. पण ते तुम्हाला सांगणार नाही. सांगितलं तर मोजताना तुम्हाला तेच दिसेल. तुम्ही फक्त मोजा आणि जे दिसेल ते लिहा."

काम असं ठरलं : माळावरची चार वारुळं धरायची. प्रत्येकात मॅडमनी सळईनं एक बारीक छिद्र पाडून त्यात चिंधीचा बोळा बसवलेला. सूर्य उगवताना, दुपारी दोनला आणि दिवस बुडताना बोळा काढायचा, दोरीला बांधलेली तापमान मोजायची काचेची नळी आत सोडायची, पाच मिनिटांनी काढून झटकन आकडा वाचायचा. मग तीच नळी हिवराच्या झाडाला टांगून बाहेरचा आकडा घ्यायचा. संध्याकाळी बॅटरी मारून कुठल्या वारुळात किती पाली दिसल्या तेही लिहायचं. मॅडमनी एक जाड वही दिली आणि पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलं : निरीक्षक – पुंजाजी सरकटे.

ते पान पुंजाजीनं चार घरी दाखवलं.

गावानं त्याचं नाव 'पालीचा मास्तर' पाडलं. त्याला राग येत नव्हता. सातवी पास झालेल्या माणसाला त्या शिक्षणाचा उपयोग पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच होत होता. हातात काठी, खिशात पेन, मनगटाला संघपालनं, म्हणजे पुण्यात कामाला असलेल्या पोरानं, दिलेलं घड्याळ. पहाटे गुडघ्याला रुईचं पान बांधून तो माळ चढायचा. तासाची वाट त्याला दीड तास लागायची. पण चुकायचा नाही.

पहिल्या दिवशी सकाळी बाहेर चोवीस अंश भरले, वारुळात तीस. दुपारी बाहेर बेचाळीस, वारुळात तीस. संध्याकाळी बाहेर छत्तीस, वारुळात तीस. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पळसाजवळच्या वारुळात एकदा एकोणतीस आलं, बाकी सगळीकडं तीस.

पुंजाजीला वाटलं, नळीच बिघडली. त्यानं ती माठात बुडवून बघितली, काखेत धरून बघितली. नळी चांगली होती. माळावर पाय ठेवावा तर चटका बसायचा, गरम हवेनं डोळे चुरचुरायचे, आणि वारुळातून काढलेली नळी गालाला लावली तर गार लागायची. असे बारा दिवस गेले. वहीच्या पानांवर तीस तीस तीस अशी रांग लागली.

तेराव्या दिवशी सकाळचं मोजून तो हरिओमच्या हॉटेलात टेकला. हरिओम तिशीचा, बोलघेवडा गडी. त्यानं चहा देता देता वही उचलली आणि पानं चाळली.

"काका, हे काय बे? तीस, तीस, तीस, एकोणतीस, तीस! घरीच बसून लिवता का काय?"

बाकावरची चार माणसं हसली. हरिओमच्या मनात काही नव्हतं. तो दिवसाकाठी अशा पन्नास थट्टा करायचा आणि एकही ध्यानात ठेवायचा नाही. पण पुंजाजीच्या हातातला चहा तसाच राहिला.

त्याला पंचवीस वर्षांपूर्वीचा पाझर तलाव आठवला. तेव्हा कामावर तो मुकादम होता आणि मजुरांची हजेरी त्याच्याकडं होती. दुष्काळाचं साल, दुसरीकडं काम नाही, त्यामुळं एकही माणूस एकही दिवस घरी राहिला नाही. चाळीस माणसं, चोवीस दिवस, सगळ्या खुणा सारख्या. तपासणीला आलेल्या साहेबानं कागद बघितला आणि सगळ्यांसमोर टरकावला. "घरी बसून भरलंय हे. खरं असतं तर चार माणसं तरी गैरहजर दिसली असती." चाळीस माणसं उभी होती, एकानंही तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मुकादम बदलला. पुंजाजी त्याच तलावावर पाट्या वाहायला लागला आणि एक गोष्ट कायमची शिकला : रोज सारखं लिहिलं की ते खोटं दिसतं.

मॅडम वही उघडतील, त्यांना तीसची रांग दिसेल, आणि त्या तोंडावर काही न बोलता मनात म्हणतील, लंगडा माणूस, कशाला चढतोय माळ! नुसत्या विचारानं त्याचे कान तापले.

दुपारी दोनला तो रोजच्यासारखा माळावर गेला. चारही वारुळांत नळी सोडली. तीस आलं. हिवराखाली बसून त्यानं पेन काढलं, बराच वेळ नुसतं धरलं आणि लिहिलं : चौतीस, छत्तीस, पस्तीस, तेहेतीस.

लिहून झाल्यावर त्याला बरं वाटलं. पान कसं केलेल्या कामासारखं दिसत होतं.

पुढं तर त्यात त्याची अक्कल चालायला लागली. सकाळी बाहेर कमी तर आतही कमी लिहायचं, दुपारी चढवायचं, संध्याकाळी बेतानं उतरवायचं. पळसाच्या सावलीतल्या वारुळात दोन अंश कमी ठेवायचे. ढग आले त्या दिवशी सगळंच थोडं खाली. धुरा घालताना जसा एकेक दगड निरखून बसवायचा, तसाच तो एकेक आकडा बसवत होता. आणि गंमत ही की एवढं करून तो जायचा मात्र रोज, तिन्ही वेळा, खराच. नळी सोडायचा, खरा आकडा वाचायचा आणि खोटा लिहायचा. घरी बसून लिहिलं असतं तर निदान गुडघा तरी वाचला असता, हे त्याच्या मनात यायचं. मग तो मान झटकून पुढच्या वारुळाकडं निघायचा.

चैत्राच्या अखेरीला गुडघा भोपळ्यासारखा सुजला. उभं राहणंही होईना. नळी छातीवर ठेवून तो खाटेवर पडला आणि छताच्या टिनाकडं बघत राहिला.

"द्या इकडं," भिमाबाई म्हणाली. "महादेवरावाचं वावर माळाच्या पायथ्यालेच हाय. सकाळी जाताना मोजतो, दुपारच्या सुट्टीत मोजतो, अन् येताना मोजतो."

"तुले आकडे येतात का वाचता?"

भिमाबाईला नोटा ओळखता यायच्या, एसटीची पाटी ओळखता यायची. पण त्या नळीवरच्या केसाएवढ्या रेघा तिच्या डोळ्यांना दिसत नव्हत्या, आणि शाळा तर तिनं बाहेरूनच बघितली होती. तिनं नळी उजेडात धरली. आतली लाल रेघ तेवढी तिला स्वच्छ दिसली.

"रेघ त दिसते ना," ती म्हणाली.

तुराटीच्या खराट्यातल्या काड्या ओढून तिनं पदरात बांधल्या. दिवस मावळल्यावर परत आली ती तीन लहान जुड्या घेऊन : एक सकाळची, एक दुपारची, एक सांजची. वारुळातून नळी काढायची, तिच्या बुडाला काडी भिडवायची आणि लाल रेघ जिथं थांबली तिथं नखानं काडी मोडायची, असं तिनं केलं होतं. प्रत्येक जुडीत चार काड्या वारुळांच्या आणि पाचवी, लाल दोरा गुंडाळलेली, बाहेरच्या हवेची. पाली किती दिसल्या तेवढे खडे गाठीला. तिन्ही जुड्या मिळून एक दोरी आणि दोरीला एक गाठ; म्हणजे पहिला दिवस.

पुंजाजीनं काड्या नळीला लावून बघितल्या. आतल्या सगळ्या तिसावर मोडलेल्या.

भिमाबाई चुलीपुढं बसली होती. बोटांना कांद्याचा वास, तळव्याला विळ्याचे घट्टे, ऊन लागून तोंड काळवंडलेलं. दुपारची भाकर खायला बायका निंबाखाली बसल्या तेव्हा ही माळ चढली होती. भाकर तिनं चालता चालता खाल्ली होती.

"ऐकलं का," ती म्हणाली, "आतल्या काड्या सगळ्या सारख्याच निघून राह्यल्या. सकाळी हात घातला त वारूळ कोमट लागते अन् दुपारी गार. आपल्या टिनाखाली दुपारी बसवत नाई, अन् तिच्या घरात पाहा. आपल्यापेक्षा उधईले घर बांधता येते बाप्पा. म्हणूनच ते पाल तिथं राह्यते. मी पाल असती त मीबी राह्यली असती."

पुंजाजीनं हातातली काडी पुन्हा नळीला लावली. म्हणजे मॅडम जे शोधत होत्या ते हेच असणार. हा साधा विचार त्याला इतक्या दिवसांत सुचला नव्हता, कारण तो आकड्यांत वारूळ बघतच नव्हता. स्वतःची लाज बघत होता.

"लिवता ना?" तिनं विचारलं.

"लिवतो ना."

त्यानं वही उघडली. मागच्या पानांवर आतल्या आकड्यांचे चढउतार होते. आता एकदम तीस कसं लिहायचं? आज खरं लिहिलं तर कालचं खोटं उघडं पडतं. त्यानं लिहिलं : छत्तीस, सदतीस, पस्तीस, चौतीस. वर भिमाबाई भाकर थापता थापता म्हणाली, "नीट लिवा. म्याडमले फसवाफसवी नाई झाली पायजे." तिचा रोख नळी नीट वाचण्याकडं होता. पुंजाजीला घास गिळताना ते शब्द आठवले आणि पाणी प्यावं लागलं.

आठ दिवस भिमाबाईनं मोजलं. खराटा बोडका झाला. काड्या नळीला लावून झाल्या की ती त्या वळचणीला खोचून ठेवायची. "म्याडमनं मागतल्या त?" ती म्हणायची. नवव्या दिवशी सूज उतरली आणि पुंजाजी पुन्हा माळ चढायला लागला.

वैशाखात मॅडम आल्या. सत्तेचाळीस दिवस भरले होते. भिमाबाईनं कांद्याच्या कामाला दुपारपुरती सुट्टी घेतली होती. ओट्यावर सतरंजी टाकून मॅडम बसल्या. वही मांडीवर घेतली. पहिली पानं वाचताना त्यांचा चेहरा फुलला. एका पानावर तर त्यांनी बोट टेकवून स्वतःशीच "बरोब्बर" म्हटलं. पुंजाजी समोर उभा होता. बसायला सांगूनही बसला नव्हता.

मग मॅडम तेराव्या दिवसाच्या पानावर आल्या. बोट थांबलं. त्यांनी मागचं पान पुन्हा बघितलं, पुढची पाच-सहा पानं उलटली. वरून ऊन टिनावर तडतडत होतं. त्यांनी सगळी वही शेवटपर्यंत वाचली.

"काका, तुम्ही फार नीट काम केलंय," शेवटी त्या म्हणाल्या. "एक दिवस चुकला नाही. एवढं सुबक कुणी लिहीत नाही."

पुंजाजीनं मान खाली घातली. त्याला वाटलं, ह्यापेक्षा त्या साहेबासारखी वही टरकावली असती तर बरं झालं असतं.

"माझाच अंदाज चुकला," मॅडम पुढं म्हणाल्या. "मला वाटायचं, वारुळात गारवा टिकत असेल, बाहेर काहीही असो आत सारखंच राहत असेल, म्हणून पाली तिथं राहतात. पण हे बघा, आतही चढतंय, आतही उतरतंय. सुरुवातीचे दिवस तेवढे वेगळे दिसतात. तेव्हा बहुतेक छिद्रं ओली असतील. मग पाली तिथं का राहतात ते मला माहीत नाही. दोन वर्षं मी हेच धरून चालले होते. आमच्या सरांना सांगावं लागेल, चूक होतं म्हणून." त्या हसल्या, पण ते हसू काही जमलं नाही.

चुलीपासून भिमाबाई उठून दारात आली. "पण म्याडम," ती म्हणाली, "मी मोजलं त तवा त आत सारखंच होतं. काड्या—"

"तू गप बस वं!" पुंजाजी ओरडला. "तुले काय समजते त्यातलं? एक अक्षर वाचता येते का तुले?"

छत्तीस वर्षांच्या संसारात पुंजाजीनं परक्या माणसासमोर बायकोला कधी असं झिडकारलं नव्हतं. भिमाबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि आत गेली. मॅडम वही बॅगेत ठेवायला लागल्या. दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकलं की माणूस करतं तशी घाई करून. साडेचारची गाडी गाठायची आहे, म्हणाल्या. चहा राहू द्या, म्हणाल्या. "जय भीम, काका," म्हणून त्या फाट्याकडं चालायला लागल्या.

पुंजाजी ओट्यावर बसला. वही गेली होती. आता कुणी काही विचारणार नव्हतं. त्याचं खोटं कधीच कुणाला कळणार नव्हतं, आणि ह्याच गोष्टीचा त्याला धीर येण्याऐवजी धसका बसला. ती शिकलेली बाई स्वतःला मूर्ख समजत चालली होती, आणि घरातली न शिकलेली बाई आत बसून तेच करत होती. दोघी बरोबर होत्या. खोटा एकटा तो होता.

आतून धूर आला. पुंजाजी दारातून डोकावला. भिमाबाई वळचणीतल्या जुड्या काढून एकेका दिवसाची दोरी चुलीत घालत होती.

"काय करून राह्यली वं?"

"मले काय समजते त्यातलं," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. आवाजात राग नव्हता. "सैपाकाले त येतीन कामी."

तिसऱ्या दिवसाची दोरी पेटत होती. पुंजाजी गुडघ्याचा विचार न करता चुलीपुढं कोसळल्यासारखा बसला आणि त्यानं आगीत हात घातला. ती दोरी हातातच सुटली, काड्या लाल होऊन विखुरल्या. बोटं भाजली. भिमाबाईच्या मांडीजवळ पाच दिवसांच्या जुड्या उरल्या होत्या. त्यानं त्या उराशी धरल्या.

"सारखंच होतं," तो म्हणाला. "तुह्यं खरं होतं. मी खोटं लिवलं. तुह्यंबी, माह्यंबी. सगळं खोटं लिवलं."

भिमाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "काऊन?"

त्याला सांगता येईना. 'खरं लिहिलं तर खोटं वाटेल म्हणून' हे वाक्य मनात होतं तेव्हा शहाणपणाचं होतं. चुलीपुढं बायकोला सांगायची वेळ आली तेव्हा ते तोंडातून बाहेर पडेना.

"गाडी जाईन," एवढंच म्हणून त्यानं काठी घेतली.

घरापासून फाटा अर्धा मैल. त्या अर्ध्या मैलात पुंजाजीला दोनदा वाटलं की गाडी निघून जावी. तो हळूही चालला एकदा, गुडघ्याचं निमित्त करून. मग त्याला स्वतःचीच किळस आली आणि तो लंगडत पळायला लागला.

गाडी आली नव्हती. हरिओमच्या हॉटेलातल्या बाकावर मॅडम बसल्या होत्या. आणखी सात-आठ माणसं होती, कांद्याचे कट्टे मोटारीत भरून आलेला महादेवरावही होता. एकांत मिळेल तर सांगावं, असं पुंजाजीनं वाटेत ठरवलं होतं. एकांत नव्हता.

"म्याडम," तो धापा टाकत म्हणाला, "वही काढा."

"काय झालं काका? हात भाजलाय तुमचा!"

"ते वही खोटी हाय. पहिले बारा दिवस सोडले त आतले सगळे आकडे मी मनानं लिवले. आत तीसच होतं. रोज तीसच. तुमचा अंदाज चुकला नाई, मी चुकवला."

हरिओमचा चहा गाळणारा हात थांबला.

"मग... तुम्ही जात नव्हता मोजायला?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

पुंजाजीनं काठीनं माळाकडं खूण केली. "जात होतो. तिन्ही टाइम जात होतो. पण रोज सारखंच लिवलं त तुमाले वाटलं असतं का हा घरी बसून लिवते. म्हणून..."

कुणाच्या बोलण्यावरून हे सुरू झालं ते त्यानं सांगितलं नाही. हरिओमनं मात्र त्याच्याकडं बघितलं आणि मग खाली, किटलीकडं.

पुंजाजीनं जुड्या पुढं केल्या. कोणती काडी कशाची, गाठी कशाच्या, खडे कशाचे, सगळं सांगितलं. मॅडमनी बॅगेतून दुसरी नळी काढली. बाकावरच त्यांनी दोरी सोडली आणि एकेक काडी नळीला लावायला लागल्या. तीस. तीस. एकोणतीस. तीस. दुपारच्या जुडीतली लाल दोऱ्याची काडी चौघींपेक्षा दोन बोटं वर निघाली. सकाळच्या जुडीतली खाली राहिली. आतल्या चार मात्र कुठल्याही जुडीतून काढा, सारख्याच. महादेवराव चष्मा लावून जवळ आला. आतल्या साठ आणि बाहेरच्या पंधरा काड्या मॅडमनी एकेक करून मोजल्या आणि एका कोऱ्या पानावर लिहून घेतल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. आनंदानं की कशानं, ते वर बघून जाणून घ्यायचं पुंजाजीला धाडस झालं नाही.

मग त्यांनी वही काढली आणि पेनानं पहिल्या दिवसाच्या पानापासून एकेका पानावर तिरपी रेघ मारायला लागल्या.

"म्याडम," पुंजाजी गडबडून म्हणाला, "पहिले बारा दिवस खरे हायेत. ते राहू द्या. ते खरंच खरे हायेत."

मॅडम थांबल्या. त्यांच्या आवाजात राग असता तर सोपं गेलं असतं.

"असतील, काका. मला वाटतं, आहेतच. पण मी कसं ओळखू?"

त्यानं मान हलवली. बारा पानं, मग पुढची सगळी. प्रत्येक रेघेचा कागदावर होणारा आवाज त्याला ऐकू येत होता. सत्तेचाळीस दिवसांचा माळ, दीड दीड तासाची चढण, रुईची पानं, सगळं त्या तिरप्या रेघांखाली गेलं. शेवटी मॅडम सुरुवातीच्या पानावर आल्या. 'निरीक्षक' ह्या शब्दापुढचं नाव त्यांनी खोडलं, तेही हलक्या हातानं.

"ह्या काड्या कुणी मोडल्या?"

"घरच्यांनी."

"नाव सांगा ना काका, लिहायचंय. पूर्ण नाव."

छत्तीस वर्षांत पुंजाजीनं चारचौघांत बायकोचं नाव घेतलं नव्हतं. घरचे, संघपालची आई, असंच चालायचं. फाट्यावर सगळे ऐकत होते. लोणारकडून लाल गाडी वळणावर दिसायला लागली होती.

"भिमाबाई," तो म्हणाला. आवाज बसला म्हणून खाकरला आणि पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "भिमाबाई पुंजाजी सरकटे."

गाडी गेल्यावर हरिओमनं चहा पुढं केला. तो न घेता पुंजाजी निघाला. घरी गेला तर दाराला कडी होती. ऊन कललं होतं. माळावर, हिवराच्या झाडाजवळ, त्याला तिचं लुगडं दिसलं. सांजेचं मोजायची वेळ होत आली होती, तो फाट्यावर गेलेला, आणि मोजायचं थांबवा असं कुणी सांगितलं नव्हतं.

तो वर पोचला तेव्हा ती पळसाच्या वारुळापाशी उकिडवी बसली होती. भेगेतून एक पाल अर्धी बाहेर आली होती. पांढरे पट्टे, जाड शेपटी. त्याची चाहूल लागताच ती मागं सरून आत गेली.

"भेटल्या का म्याडम?"

"भेटल्या. तुह्यं नाव लिवलं वहीत. तुह्या काड्या धरल्या."

भिमाबाईनं वारुळातून नळी काढली, काडी बुडाला भिडवली. "अन् तुमचं?"

"माह्यं खोडलं."

तिनं रेघेपाशी नखानं काडी मोडली आणि ती त्याच्या भाजलेल्या हातात न देता, जपून स्वतःच्या पदराच्या गाठीत बांधली.